तुम्ही विचारलंत म्हणून: पॅरिसमध्ये एवढे संप, मग राहता तरी कसे?

गेली काही वर्षं भारतातून फोन आला की खुशाली विचारून झाल्यावर एक प्रश्न ठरलेला असतो. "टीव्हीवर दाखवत होते, तुमच्याकडे परत जाळपोळ. अगं, राहता कसे तिथे? लेकीला शाळेत पाठवतेस?" लालबागची मावशी काळजीपोटी विचारते, कॉलेजातल्या मैत्रिणी कुतूहलाने, आणि इथे नोकरी मिळालेली पण यावं की नाही या विचारात पडलेली मंडळी जरा बिचकत. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, तो जास्त टोकदार असतो. "साठीच्या आसपास पेन्शन, वर्षाला पाच आठवडे भरपगारी रजा, औषधपाण्याचा बहुतेक खर्च परत मिळतो. एवढं असून त्या लोकांना आणखी काय हवंय?"

पहिल्याचं उत्तर फोनवर देता येतं. दुसऱ्यासाठी मात्र बसून लिहावं लागतं.

आमचं घर पॅरिसच्या पूर्वेला, फोबूर सेंत-आंत्वान या रस्त्यालगत आहे. पूर्वी ही सुतारांची, लाकडी सामान बनवणाऱ्यांची वस्ती. १७८९ मध्ये बास्तीयच्या तुरुंगावर जे चालून गेले त्यांत इथले कारागीर पुष्कळ होते. रस्त्याचं एक टोक बास्तीयला आणि दुसरं नासियों चौकाला मिळतं. पॅरिसचे मोठे मोर्चे बहुतेक वेळा रेप्युब्लिक चौकातून निघतात, आमच्या भागातून नासियोंला येतात आणि तिथे पांगतात. त्यामुळे तुम्ही टीव्हीवर जे पाहता त्यातलं बरंचसं आम्हाला खिडकीतून ऐकू येतं.

आणि ते कधी ऐकू येणार हे आम्हाला आधीच माहीत असतं. भारतात कोणाला हे सांगितलं की खरं वाटत नाही. संपाचा हक्क १९४६ च्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत लिहिला गेला आणि तो आजही लागू आहे. मात्र सार्वजनिक सेवेत संप करायचा तर संघटनेने पुरे पाच दिवस आधी नोटीस द्यायची असते. मेट्रोचा चालक किंवा प्राथमिक शाळेची शिक्षिका स्वतः संपात उतरणार असेल तर तिने ४८ तास आधी तसं कळवायचं असतं. मोर्चा काढणाऱ्यांनी किमान तीन दिवस आधी प्रशासनाला मार्ग आणि वेळ सांगायची. मग संपाच्या आदल्या संध्याकाळी यादी जाहीर होते: कुठली मेट्रो चालू, कुठली फक्त गर्दीच्या वेळी, कुठली पूर्ण बंद. लाइन १ आणि लाइन १४ च्या गाड्यांना चालकच नाही, म्हणून त्या धावत राहतात आणि अर्धं शहर त्यांत शिरायला बघतं. नासियोंवरून लाइन १ जाते, त्यामुळे माझं ऑफिसला जाणं निभावतं. लांब उपनगरांत राहणाऱ्यांचे मात्र खरे हाल होतात. त्यातही ज्यांचं काम घरून होत नाही त्यांचे जास्त. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेला वाहतुकीचा संप जानेवारी उजाडला तरी मिटेना, तेव्हा माझे कितीतरी सहकारी सायकलवर आले आणि त्यातले बरेचजण अजून सायकलनेच येतात.

शाळेचं म्हणाल, तर लेकीच्या दप्तरात शाळा आणि पालक यांच्यातल्या निरोपांची एक वही असते. संप जवळ आला की तीत चिठ्ठी चिकटवलेली येते. मंगळवारी अमुक बाईंचा वर्ग भरणार नाही. किंवा वर्ग भरेल, पण कँटीन बंद, मुलांना डबा द्या. ती चिठ्ठी आली की पालकांच्या ग्रुपवर निरोप सुरू होतात, कोणाची मुलं कोणाकडे जेवतील ते ठरतं. आमच्याकडे तीन-चार पोरं येतात आणि वरणभात मिटक्या मारत खातात. असे दिवस त्रासाचे असतात, पण भीतीचे नसतात.

मावशीला हे पटत नाही, आणि तिला का पटत नाही ते मला कळतं. तिचे यजमान, आमचे काका, गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तिने संप पाहिला तो असा: घरातलं सोनं गहाण, चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून गावाला, आणि गिरणीच्या जागी टॉवर. इथला संप बहुतेकदा एका दिवसाचा असतो. मंगळवारी संप, बुधवारी कामावर, मग आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पगार कापला जातो तो त्या दिवसाचाच, पण कापला जातो हे नक्की. संघटनांचे वर्गणीदार सभासद कामगारांत दहातले जेमतेम एक. तरी हाक दिली की सभासद नसलेलेही येतात, कारण १९३६ ची भरपगारी रजा संपातून मिळाली, १९९५ मध्ये तीन आठवडे देश थांबला तेव्हा पंतप्रधान आलाँ ज्युपे यांना पेन्शनचा बदल मागे घ्यावा लागला, आणि २००६ मध्ये तरुणांना नोकरीवरून सहज काढू देणारा कायदा मंजूर होऊनसुद्धा रद्द झाला. या गोष्टी इथे घरोघरी बोलल्या जातात. आपण रस्त्यावर उतरलो तर सरकार ऐकतं, असा लोकांचा अनुभव होता. 'होता' हे मी जाणूनबुजून लिहिते आहे.

आता २०२३ कडे येते, कारण टीव्हीवर सगळ्यात जास्त पॅरिस तुम्ही त्या वर्षी पाहिलंत.

१० जानेवारीला पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांनी निवृत्तीचं किमान वय ६२ वरून ६४ करायचं जाहीर केलं. पूर्ण पेन्शनसाठी ४३ वर्षं वर्गणी भरलेली असण्याची अट आधीच्या कायद्याने २०३५ पर्यंत हळूहळू लागू व्हायची होती, ती २०२७ वर आणली. सरकारची बाजू मी तुम्हाला सरळ सांगते, कारण ती समजून घेण्यासारखी आहे. इथलं पेन्शन साठवलेल्या रकमेतून येत नाही. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या निवृत्तांना पैसे मिळतात. १९६० च्या दशकात एका निवृत्तामागे चारच्या आसपास कमावते होते, आता पावणेदोनही नाहीत. शेजारच्या जर्मनीत वय ६७ कडे चाललं आहे. हे सगळं खरं आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. जन्म १९६४ चा, ग्वादलूप बेटावरचा. विसाव्या वर्षी इथे येऊन कामाला लागल्या आणि आता कितीतरी वर्षं लेकीच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आहेत. म्हणजे वहीत 'कँटीन बंद' अशी चिठ्ठी येते तेव्हा संपात त्याच असतात. सकाळी सातला हजर. जेवणाचे धातूचे मोठाले ट्रे ओव्हनमध्ये चढवायचे, उतरवायचे, दीडदोनशे पोरांचं झालं की ते घासायला काढायचे, मग ओली फरशी. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. जिन्यात भेटल्या की पिशवी डाव्या हातात असते, आणि दाराची किल्ली फिरवताना त्या सगळं अंग त्या बाजूला कलवतात. ६४ हा आकडा मला कळला तो त्या दारापाशी. मी खुर्चीत बसून काम करते. मला दोन वर्षं जास्त म्हणजे आणखी दोन वर्षं बैठका आणि ईमेल. त्यांना काय, ते त्यांचा खांदा सांगतो. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेने, इनसेने, २०१२ ते २०१६ या काळाचा हिशोब मांडला आहे. सर्वांत श्रीमंत पाच टक्के पुरुष सर्वांत गरीब पाच टक्के पुरुषांपेक्षा सरासरी १३ वर्षं जास्त जगतात. पेन्शनचं वय सगळ्यांना एकच ठेवलं की ते पेन्शन किती वर्षं खायचं हे मात्र सगळ्यांना एक राहत नाही. "आणखी काय हवंय" या प्रश्नाचं माझं निम्मं उत्तर इथेच आहे. जे आहे तेवढं राहू द्या, इतकंच त्यांना हवं होतं.

१९ जानेवारीला पहिला मोर्चा निघाला. देशभरात गृहमंत्रालयाच्या मोजणीने ११ लाखांहून जास्त, सेजेते या संघटनेच्या मोजणीने २० लाखांहून जास्त. हे दोन आकडे नेहमीच असे असतात आणि लोक दोन्ही वाचतात. आठही मोठ्या संघटना एकत्र होत्या, तसं २०१० नंतर झालं नव्हतं. ७ मार्चला तर मंत्रालयानेच १२ लाख ८० हजार मोजले. लहान लहान गावांत, जिथे मोर्चा कधी कोणी पाहिला नव्हता, तिथेही लोक चालले.

मी नासियोंला मोर्चा येताना पाहिला आहे, त्यात चाललेही आहे. सेजेतेचा लाल फुगा, सेएफदेते या दुसऱ्या मोठ्या संघटनेचा केशरी, दोन्ही गाडीवर बांधलेले आणि दुमजली इमारतीएवढे. फूटपाथवर मेर्गेजच्या, म्हणजे तिखट मसाल्याच्या सॉसेजच्या गाड्या, त्यांचा धूर. बाबागाड्या ढकलणारे बाप, पांढऱ्या कोटावर 'संपावर' असं लिहून आलेल्या नर्सेस, काठी टेकत येणारे म्हातारे. रुग्णालयातली माणसं बऱ्याचदा संपातसुद्धा कामावरच असतात, कारण पेशंट टाकून जाता येत नाही. मग ते ही अक्षरं अंगावर लावूनच सलाइन लावतात. ही झाली मोर्चाची निम्म्याहून जास्त लांबी. त्याच्या अगदी पुढे काळे कपडे घातलेला, तोंड झाकलेला एक जमाव असतो. तो बँकेच्या आणि बसथांब्याच्या काचा फोडतो, पोलीस अश्रुधूर सोडतात, आणि सगळे कॅमेरे तिथेच असतात. तुम्ही पाहता ते हे. चौकातल्या बँका आदल्या दिवशीच प्लायवूड ठोकून ठेवतात. पोलिसांच्या सांगण्यावरून मेट्रो नासियोंला न थांबता पुढे जाते. आम्ही खिडक्या लावून दाराखाली टॉवेल घालतो, तरी डोळे चुरचुरतात. पोलिसांचीही दांडगाई असते, ती लपवण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पिवळ्या जाकिटांच्या आंदोलनात (त्याबद्दल पुढे सांगते) रबरी गोळ्यांनी अनेकांचे डोळे गेले. मी लेकीला मोर्चाला नेते ती मागच्या टोकाला, आणि उजेड आहे तोवरच.

मार्चमध्ये सफाई कामगार संपावर गेले. त्यांना ५७ व्या वर्षी निवृत्त होता येत होतं, ते ५९ होणार होतं. पॅरिसच्या निम्म्या विभागांत कचरा नगरपालिकेचे कामगार उचलतात आणि उरलेल्या निम्म्यांत खासगी कंपन्या. आमचा फोबूर सेंत-आंत्वान ही बाराव्या आणि अकराव्या विभागाची हद्द आहे. रस्त्याची आमची बाजू बारावा विभाग, नगरपालिकेकडे. समोरची अकरावा, खासगीकडे. समोर उशिराने का होईना, गाडी यायची. आमच्या बाजूला पिशव्यांवर पिशव्या चढत गेल्या, आधी डब्यांच्या उंचीएवढ्या, मग माणसाच्या. बेकरीच्या दाराला वाट ठेवायला बेकरीवाला रोज सकाळी पिशव्या पायाने सरकवायचा. इमारतीच्या राखणदार बाईंनी हिरव्या झाकणाचे डबे आतल्या अंगणात ओढून घेतले, रोज त्यांच्यावर जंतुनाशक ओतायच्या, तरी उंदीर आले. शहरभर मिळून दहा हजार टन कचरा साठला होता. शहराबाहेर इव्री इथली कचरा जाळायची भट्टीही बंद होती, त्यामुळे उचललेला कचरा तरी न्यायचा कुठे हाही प्रश्न होता.

त्या तीन आठवड्यांत आमच्या फूटपाथवर मला एक गोष्ट पाहायला मिळाली. वास असह्य होता, लोक वैतागले होते, पण सफाई कामगारांना शिव्या घालणारं माझ्या ऐकण्यात फारसं कोणी आलं नाही. बेकरीवाल्याच्या काउंटरवर त्यांच्या मदतनिधीसाठी डबा ठेवला होता आणि लोक त्यात नाणी टाकत होते. पहाटे चारला उठून दुसऱ्याची घाण उचलणारा माणूस ५७ व्या वर्षी थकलेला असतो, हे कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. जनमत चाचण्याही तेच सांगत होत्या: बहुसंख्य लोक या बदलाच्या विरोधात होते, शेवटपर्यंत.

आणि मग १६ मार्च आला.

२०२२ च्या निवडणुकीनंतर सरकारकडे लोकसभेत, म्हणजे इथल्या राष्ट्रीय सभेत, बहुमत नव्हतं. मतदान घेतलं तर कायदा पडण्याची भीती होती. १९५८ च्या राज्यघटनेच्या ४९ व्या कलमाचं तिसरं उपकलम पंतप्रधानांना एक हत्यार देतं: सरकारने आपली खुर्ची पणाला लावली तर विधेयक मतदानाशिवाय मंजूर धरलं जातं, फक्त २४ तासांत अविश्वास ठराव दाखल होऊन तो पुढे मंजूर झाला तरच ते पडतं. इथे सगळे त्याला '४९.३' म्हणतात, शाळकरी मुलंसुद्धा. हे बेकायदा नाही. मिशेल रोकार यांनी पंतप्रधान असताना ते २८ वेळा वापरलं होतं. पण त्या दिवशी बोर्न बोलायला उभ्या राहिल्या, विरोधी सदस्य राष्ट्रगीत गाऊ लागले, आणि त्या गदारोळात देशातल्या प्रत्येक नोकरदाराच्या आयुष्याची दोन वर्षं मतदानाशिवाय ठरली. चार दिवसांनी अविश्वास ठरावाला २७८ मतं पडली. २८७ हवी होती. नऊ मतांनी सरकार वाचलं.

१६ मार्चच्याच संध्याकाळी सभागृहापासून पूल ओलांडला की लागणाऱ्या काँकॉर्द चौकात हजारो लोक आपण होऊन जमले. त्याला नोटीस नव्हती, मार्ग नव्हता, संघटनेचे स्वयंसेवक नव्हते. त्यानंतर रोज रात्री कुठल्या ना कुठल्या भागात तरुणांचे घोळके धावत, मागे पोलीस. आणि रस्त्यावर पडलेला तो कचरा पेटू लागला. तुम्ही टीव्हीवर जे ज्वाळांचं पॅरिस पाहिलंत ते हे: न उचललेल्या पिशव्या आणि रागावलेली, बहुतेक विशीची मुलं. बोर्दोमध्ये २३ मार्चला नगरपालिकेचा दरवाजा जळाला. इंग्लंडचे राजे चार्ल्स यांचा ठरलेला दौरा पुढे ढकलावा लागला.

मला बदल वाटला तो जिन्यात. तोवर खालच्या बाई प्रत्येक संपाच्या आदल्या दिवशी मला सांगायच्या, उद्या लेकीला डबा दे हं. मार्चच्या शेवटी त्यांनी संपावर जाणं थांबवलं. पैसे संपले हे एक कारण होतंच, कारण प्रत्येक दिवसाचा पगार कापला जात होता. पण त्या म्हणाल्या की नियमाने करायचं ते सगळं केलं, आता कोणाला दाखवायचं? १४ एप्रिलला घटना परिषदेने कायद्याचा मुख्य भाग वैध ठरवला, त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी सही केली. ६ जूनला चौदावा आणि शेवटचा मोर्चा निघाला, आणि १ सप्टेंबरपासून कायदा लागू झाला.

माझी खरी चिंता मला इथे सांगायची आहे. २०१८ मध्ये पिवळ्या जाकिटांचं आंदोलन झालं ते आठवा. इंधनावरच्या करामुळे चिडलेली गावाकडची माणसं, जिथे गाडीवाचून कामाला जाता येत नाही, १७ नोव्हेंबरला गाडीत सक्तीने ठेवावं लागणारं पिवळं जाकीट घालून रस्त्यांच्या गोल चौकांवर येऊन बसली. संघटना नाही, नेता नाही, नोटीस नाही. १ डिसेंबरला विजयकमानीची नासधूस झाली. १० डिसेंबरला मॅक्रॉन टीव्हीवर आले आणि किमान वेतन मिळवणाऱ्यांच्या हाती महिना १०० युरो जास्त पडतील असं जाहीर केलं. इंधनावरची करवाढ त्याआधीच गुंडाळली होती. एक महिनाही लागला नाही. आणि २०२३ मध्ये आठ संघटना, चौदा मोर्चे, प्रत्येकाची आगाऊ सूचना, प्रत्येकाचा कापलेला पगार, पाठीशी देशाचं बहुमत, आणि हाती शून्य. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वीस वर्षांचा मुलगा काय शिकेल? मला संपाचा त्रास चालतो. कचऱ्याचा वासही चालतो. नियमाने बोलणाऱ्याचं ऐकायचं नाही आणि काच फुटली की ऐकायचं, हे सरकारने देशाला शिकवलं याचं मला फार वाईट वाटतं, आणि रागही येतो. मी याच देशात मूल वाढवते आहे.

घाबरले मी कधी, तर २०२३ च्याच जूनच्या शेवटी. २७ जूनला पॅरिसलगतच्या नांतेरमध्ये वाहतूक पोलिसाने नाहेल नावाच्या १७ वर्षांच्या मुलाला गाडीत बसलेला असताना गोळी घातली. गाडी पोलिसांच्या अंगावर येत होती असं आधी सांगितलं गेलं, मग व्हिडिओ बाहेर आला आणि त्यात तसं दिसेना. त्या रात्रीपासून उपनगरं पेटली, आठवडाभर. बस जळाल्या, ट्राम जळाली, ग्रंथालयं आणि शाळा जळाल्या, ज्या जाळपोळ करणाऱ्या तिथल्याच मुलांच्या होत्या. पॅरिसजवळच्या लाय-ले-रोझच्या महापौरांच्या घरावर मध्यरात्री गाडी घालून ती पेटवली, आत त्यांची बायको आणि लहान मुलं होती. सरकारने ४५ हजार पोलीस उतरवले. २००५ मध्ये क्लिशी-सु-ब्वा या उपनगरात पोलिसांपासून पळताना दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात शिरून मेली होती, तेव्हाही तीन आठवडे हेच झालं होतं. मधल्या अठरा वर्षांत इमारती रंगवल्या गेल्या, पाडून नव्या बांधल्या गेल्या. पोलीस त्या मुलांना कसं थांबवतात, कसं बोलतात, ते तसंच राहिलं असं तिथे राहणारे मला सांगतात.

त्या आठवड्यात बस आणि ट्राम रात्री नऊला बंद होत होत्या. आमचं ऑफिस संध्याकाळी झाडायला येणाऱ्या बाई सेन-सेन-दनी जिल्ह्यात राहतात, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त पेटलं होतं तिथे. नऊच्या आत घरी पोहोचायचं म्हणून त्या चार दिवस दुपारीच आल्या आणि आम्ही बसलेले असताना टेबलांखालून झाडू फिरवत राहिल्या. एरवी आम्ही त्यांना भेटतच नाही. त्यांचा धाकटा सोळाचा. त्याचा फोन लागला नाही की त्या झाडू भिंतीला टेकवून बाहेर जायच्या. त्या मुलांना कुठली संघटना नाही. पाच दिवस आधी नोटीस द्यावी असं त्यांचं कुठलं काम नाही. पेन्शनच्या मोर्चात मी जेवढे चेहरे पाहिले त्यांत ती मुलं फार थोडी होती. फ्रान्समधल्या अशांततेबद्दल मला विचाराल तर नासियोंच्या अश्रुधुरापेक्षा हे मला कितीतरी जास्त गंभीर वाटतं, आणि टीव्हीवर दोन्ही सारखंच दिसतं.

पुढचं राजकारण थोडक्यात सांगते, कारण तेही तुम्ही विचारता. जून २०२४ मध्ये मॅक्रॉन यांनी सभागृह विसर्जित केलं, निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळालं नाही, आणि मग सरकारं पडत राहिली: डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान बार्निये यांचं, सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान बायरू यांचं. १० सप्टेंबर २०२५ ला 'सगळं बंद करू या' अशी हाक समाजमाध्यमांवरून निघाली, संघटनांनी १८ ला वेगळा मोर्चा काढला. ऑक्टोबरमध्ये नवे पंतप्रधान सेबास्तियाँ लकोर्न्यु यांनी, स्वतःचं सरकार टिकवण्यासाठी का होईना, पेन्शनचा तो बदल २०२७ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीपर्यंत स्थगित करत असल्याचं जाहीर केलं. डिसेंबरात सभागृहाने त्यावर मत दिलं. या वेळी खरोखरचं मतदान झालं, ४९.३ न वापरता.

खालच्या बाईंसाठी त्याचा अर्थ असा: १९६४ मध्ये जन्मलेल्यांना ६३ व्या वर्षी निवृत्त व्हायचं होतं, ते आता ६२ वर्षं ९ महिन्यांवर आलं. तीन महिने. मावशीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तीन महिन्यांसाठी एवढं रामायण? मी बाईंना जिन्यात हे विचारलं. त्यांनी बोटांवर मोजलं. शाळेचा शेवटचा हिवाळा आणि त्यातले ते ट्रे, एवढं वाचलं, म्हणाल्या. कागदपत्रं त्यांनी जानेवारीतच भरून टाकली.

आता ज्यांना इथे यायचं की नाही हे ठरवायचं आहे त्यांच्यासाठी. या. घर शोधताना चालकाविना चालणारी मेट्रो जवळ असेल असं बघा. आता लाइन ४ सुद्धा तशी झाली आहे. मुलांच्या शाळेची वही रोज संध्याकाळी उघडून वाचा, आणि वर्गातल्या दोन-तीन पालकांशी पहिल्या महिन्यातच ओळख करा. कागदपत्रांच्या सरकारी कामाला जायचं असेल तर संपाच्या दिवसाची वेळ घेऊ नका. मोर्चा बघायचा असेल तर १ मेचा बघा, त्या दिवशी इथेही सुट्टी असते आणि रस्त्यात जो तो म्युगेची पांढरी फुलं विकत बसलेला असतो. दुपारी आमच्याकडे जेवून निघू, फुग्यांच्या गाड्यांमागे चालू, आणि काळे कपडेवाले पुढे दिसले की आपण मागेच थांबू. मावशी, हे तुलाही लागू आहे. व्हिसाचे कागद मी पाठवते.